आमची वाटचाल : ‘अंडी’, ‘पिवळं’ आणि एक अर्ज

दोन टाक्या, एक रेक्टिफायर आणि उधारीवर आणलेला बॅरल, एवढ्यावर आमचं झिंक प्लेटिंग, म्हणजे लोखंडी मालावर विजेने जस्ताचा थर चढवण्याचं काम, सुरू झालं. भावाने ऑर्डरमागे फिरायचं, मी टाकीवर उभं राहायचं. पुढे निकेलची लाइन आली, माणसं वाढली, शेजारचा गाळा घेतला. छोट्या कारखान्यांच्या गोष्टी इथपर्यंत सारख्याच असतात. आमचं वळण आलं ते एका अर्जामुळे.

धोकादायक रसायनं साठवणाऱ्याने आपला साठा स्थानिक यंत्रणेला कळवायचा, असा नियम. रसायनाचं नाव, एका वेळी जास्तीत जास्त किती, कशात भरलंय, इमारतीत नेमकं कुठे, आणि रात्री-अपरात्री फोन उचलेल असा माणूस कोण. पहिल्या वर्षी मी तो अर्ज तासाभरात उरकला. खरेदीची बिलं काढली, बेरीज केली, बाराने भागलं, आकडा लिहिला. सरासरी कोणी विचारलीच नव्हती! मोठी ऑर्डर असली की आमच्याकडे ॲसिडचे कारबॉय, म्हणजे मोठे कॅन, दुपटीने भरलेले असायचे, आणि आग काय सरासरीचा दिवस बघून लागते? अर्ज परत आला. सोबत एक प्रश्न : टाक्यांमधलं द्रावण धरलंय का? नव्हतं धरलं. ते साठ्यात येतं हे डोक्यातच आलं नव्हतं.

मग मी आणि आमचे फोरमन, ज्यांना सगळा कारखाना मामाच म्हणतो, वही घेऊन स्टोअरमध्ये उतरलो.

“मामा, या ड्रममध्ये काय?”

“अंडी.”

“आणि यात?”

“पिवळं. त्याच्या पलीकडे पांढरं.”

‘अंडी’ म्हणजे झिंकच्या टाकीत लागणारं विषारी सोडियम सायनाइड, कारण ते अंड्याच्या आकाराच्या गोळ्यांत येतं. ‘पिवळं’ म्हणजे पॅसिव्हेशनचं, जस्ताचा थर गंजू नये म्हणून वापरायचं, क्रोमेट. ‘पांढरं’ मात्र पाळीप्रमाणे बदलायचं : झिंकवाल्यांचं पांढरं म्हणजे कॉस्टिक सोड्याचे फ्लेक्स, निकेलवाल्यांचं बोरिक ॲसिड. इतकी वर्षं यात घोटाळा झाला नाही तो केवळ मामांच्या नजरेमुळे. मामा रजेवर असते तर?

पुरवठादारांकडून प्रत्येक रसायनाचं एमएसडीएस, म्हणजे सुरक्षिततेचं माहितीपत्रक, मागवलं. त्यात १६ भाग असतात. तोवर मी ते कागद फक्त फायलीत लावत आलो होतो. सायनाइडच्या कागदातला पाचवा भाग, आग विझवण्याचा, वाचला आणि हात थांबला. कार्बन डायऑक्साइड वापरू नका, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं. आमच्या सायनाइडच्या रॅकशेजारी भिंतीवर कार्बन डायऑक्साइडचाच सिलिंडर टांगलेला होता, वेळेवर तपासलेला, चकचकीत. त्याच रॅकच्या खालच्या कप्प्यात हायड्रोक्लोरिक ॲसिडचे कारबॉय. वरचा ड्रम फुटून गोळ्या ॲसिडमध्ये पडल्या तर हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो, आणि त्याचा वास काही माणसांना येतच नाही. हे सगळं मी स्वतःच्या हाताने रचलं होतं, जागा वाचते म्हणून. त्या रात्री आम्ही रॅक हलवूनच घरी गेलो.

अर्जाबद्दल माझी तक्रार आहेच. तीच माहिती वेगवेगळ्या टेबलांवर वेगवेगळ्या नमुन्यांत द्यावी लागते, एकाला किलो हवेत, दुसऱ्याला लिटर. ३३ टक्क्यांच्या हायड्रोक्लोरिक ॲसिडचा लिटर साधारण १.१६ किलो भरतो, हे आता मला झोपेतही सांगता येईल. पण असे नियम कुठून आले तेही लक्षात ठेवायला हवं. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला मिथाइल आयसोसायनेट सुटला तेव्हा शेजारच्या वस्तीला आत काय साठवलंय याची कल्पना नव्हती. रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांनाही पुरेशी माहिती मिळाली नाही. त्यानंतर अमेरिकेत १९८६ मध्ये लोकांच्या माहितीच्या हक्काचा कायदा झाला, भारतात १९८९ मध्ये धोकादायक रसायनांच्या साठवणुकीचे नियम आले.

दुसऱ्या वर्षीचा अर्ज भरायला नऊ दिवस लागले. जनरेटरचं डिझेल आणि फोर्कलिफ्टच्या बॅटरीतलं ॲसिडसुद्धा तेव्हाच आठवलं. नंतर अग्निशमन दलाचे लोक पाहणीला आले. मी मोठ्या ऐटीत नकाशा आणि यादीची पेटी दाखवली. ती स्टोअरच्याच दारावर लावली होती. त्यांच्यातले एक साहेब हसले, म्हणाले, “पेटलेल्या खोलीतून कागद आणायला कोणाला पाठवणार?” पेटी आता फाटकावर आहे.

सायनाइड सोडून अल्कलाइन झिंककडे, म्हणजे सायनाइडविना चालणाऱ्या द्रावणाकडे, जायचं तेव्हाच ठरलं. सोपं गेलं नाही. सायनाइडची टाकी धुलाईतली हयगय पोटात घालते. नवीन टाकी तसं करत नाही, तेलाचा अंश राहिला की मालावर फोड. पहिले काही महिने रिजेक्शनने जीव मेटाकुटीला आला. शेवटी डिग्रीझिंगची, म्हणजे मालावरचं तेल काढण्याची, टाकीच वाढवली.

शेवटचा ड्रम रिकामा झाला त्या दिवशी मी यादीतली ‘सोडियम सायनाइड’ ही ओळ खोडायला घेतली. मामांनी पेन धरून मला थांबवलं. जुन्या टाकीतलं द्रावण अजून बाकी होतं. त्यावर प्रक्रिया होऊन टाकी धुतली जाईपर्यंत ती ओळ आणखी सात महिने तशीच राहिली.