आगबोट आणि आगबोट

काल रात्री मोबाईलवर एक जुना कागद झूम करकरून बघत होतो तर बाबांनी विचारलं, काय रे एवढं वाचतोयस? म्हटलं जहाजांबद्दल आहे. तसं खोटं नव्हतं, शिडं होती, नांगर होता, डोलकाठी होती, तोफा होत्या, फक्त जहाज नव्हतं.

इंग्लंडमधली, जहाजाच्या भाषेत रचलेली जुनी चावट गाणी ही. एका बाजूला छापलेला कागद, वर लाकडी ठशाचं चित्र, खाली अमुक चालीवर म्हणावे अशी सूचना, विकणारा रस्त्यात उभा राहून गाऊन दाखवणार आणि कागद पेनी-अर्ध्या पेनीला. ठसे पुन्हा पुन्हा वापरायचे, त्यामुळे तेच गलबत या गाण्यावरही आणि त्या गाण्यावरही. सतराव्या शतकातल्या लंडनची डायरी लिहिणाऱ्या सॅम्युअल पीप्सने असे १८०० च्या वर कागद जमवले, आज ते केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात आहेत. सगळे चावट नाहीत हां, खून, फाशी, देवधर्म पण आहे. पण मला गंमत ही वाटते की हा गृहस्थ नोकरीला होता नौदलाच्या ऑफिसात, दिवसभर दोरखंड आणि लाकडाचे व्यवहार बघायचे, त्याला यातला एकेक शब्द दोन्ही बाजूंनी कळत असणार.

नेहमीची गोष्ट अशी, खलाशी बंदरावर उतरतो, रस्त्यात बाई दिसते, हा निशाण दाखवतो, ती शिडं उतरवते, मग दोर बांधून ओढत नेणं, नांगर टाकणं, तोफा डागणं वगैरे यथासांग. सकाळी खिसा रिकामा. आणि नशीब फारच फुटकं असेल तर ती निघते फायरशिप. फायरशिप म्हणजे पेटवून शत्रूच्या ताफ्यात सोडायचं जहाज, १५८८ मध्ये फ्रान्सच्या कॅले बंदराजवळ इंग्रजांनी स्पॅनिश आरमारावर अशी ८ सोडली होती. आणि १७८५ च्या ग्रोसच्या टपोरी शब्दांच्या कोशात फायरशिप म्हणजे गुप्तरोग झालेली बाई! पेटलं कोण आणि पेटवलं कोणी, याची चौकशी गाणी करत नाहीत, दोष नेहमी बाईचाच, हे मात्र खटकतंच.

मराठीत करून बघायला गेलो तर पहिल्याच शब्दाला अडलो. फायरशिपचं शब्दशः होतं आगबोट, आणि आपली आगबोट तर धूर सोडत मुंबईहून रत्नागिरीला जायची, पोराबाळांसकट. शिवाय इंग्रजीत जहाजाला 'ती' म्हणतात, अर्धं काम तिथेच झालं. आपलं जहाज ते, गलबत ते, तारू तेच. होडी 'ती' आहे, पण होडीला तोफा कुठे?