गाडीखाली झोपून पाहिलेली थार

गेले तीन रविवार धाकट्या आतेभावाबरोबर महिंद्राच्या जुन्या थार जीप पाहत मी इंदूरभर हिंडतो आहे. २०२० साली आलेली नवी थार त्याला नको. मागे लोखंडी पाट्यांच्या स्प्रिंगवर बसणारी, कॅनव्हासच्या छताची, अडीच लिटरच्या सीआरडीई नावाच्या डिझेल इंजिनाची जुनी गाडीच त्याला हवी आहे, आणि तीही पावसाळ्यात इंदूरजवळच्या चोरल-जानापावच्या बाजूला चिखलात घालण्यासाठी. अशी गाडी पारखण्याची रीत शहरी मोटारीपेक्षा वेगळी असते, हे मला आमच्या मेकॅनिकने शिकवले. त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. त्यांचा पहिला नियम असा, की रंग, सीट आणि म्युझिक सिस्टिम यांकडे अजिबात न पाहता अंगाखाली गोणपाट टाकून आधी गाडीखाली शिरायचे.

या रविवारी पाहिलेली गाडी २०१४ची होती आणि ‘ही फक्त शहरातच चालली आहे’ असे मालकांचे म्हणणे होते. गाडी खालून लख्ख धुतलेली होती. स्वच्छतेत देशात पहिल्या आलेल्या शहराला ते शोभणारेच म्हणावे लागेल! परंतु पाण्याचा फवारा खालून वर जातो, त्यामुळे चासीच्या, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या, आडव्या पट्ट्यांच्या वरच्या अंगाला आणि डिझेलच्या टाकीच्या माथ्यावर साचलेले तसेच राहते. उस्तादांनी तिथे हात घातला आणि बोटांवर माळव्याची काळी माती निघाली. ही माती पाणी धरून ठेवते आणि लवकर वाळत नाही, त्यामुळे ती जिथे चिकटून राहते तिथे लोखंड आतल्या बाजूने गंजत जाते. चासीला नुकताच काळा रंग फासलेला असेल तर अधिकच संशय घ्यावा. पान्याच्या टोकाने ठोकत गेल्यास निरोगी पत्रा खणखणतो, गंजलेला भद्द आवाज देतो. या गाडीची चासी खणखणीत निघाली, मागचा एक पाटा मात्र मधोमध तडकलेला होता.

त्यानंतर उस्तादांनी मागच्या डिफरन्शियलच्या, म्हणजे वळताना दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या, गोळ्याचा वरचा नट उघडायला लावला, आणि मला वाटते सगळ्या तपासणीचे मर्म तिथेच होते. चालून तापलेला गोळा नाल्याच्या थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर, म्हणजे हवा येण्याजाण्याची नळी, तुंबलेला असेल तर झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. ऑइलमध्ये घुसळले गेलेले ते पाणी नंतर बेअरिंग आणि दात खाऊ लागते. त्याचा हूं-हूं असा आवाज ऐकू येईपर्यंत बरेच नुकसान होऊन गेलेले असते. करंगळी आत घालून पाहिली तर ऑइल दुधाळ, कॉफीच्या रंगाचे होते. मालकांनी ‘कधीतरी पातालपाणीच्या धबधब्याला गेलो होतो’ असे कबूल केले.

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर देणारी यंत्रणा, चालते की नाही, हे डांबरी रस्त्यावर पाहू नये. या गाडीत पुढच्या आणि मागच्या आसांच्या मध्ये डिफरन्शियल नसते, त्यामुळे कोरड्या कडक रस्त्यावर वळताना चाकांना वेगवेगळे अंतर कापायला मिळत नाही आणि सारा ताण शाफ्टवर आणि गिअरवर येतो. आम्ही गाडी भुसभुशीत मातीच्या चढावर नेली, थांबून छोटा लिव्हर फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकांच्या कमी वेगाच्या, जास्त जोराच्या गिअरमध्ये, टाकला आणि मी बाहेर उभा राहून पुढची चाकेही माती उडवतात का ते पाहिले. उडवत होती. विकत घेतल्यापासून हा लिव्हर कधीच हलवलेला नाही, असे सांगणारे मालकही भेटतात आणि ते फार अभिमानाने सांगतात. न वापरल्याने जाम झालेला लिव्हर सोडवायलाही पैसेच लागतात.

इंजिनाबद्दल थोडक्यात सांगतो. आम्ही पोहोचलो तेव्हा बॉनेट कोमट होते, म्हणजे थंड इंजिन पहिल्या खेपेत कसे सुरू होते ते पाहण्याची संधी मालकांनी आधीच घालवली होती.

कागदपत्रांत मी दोनच गोष्टींवर अडून बसतो. आरसीवरचा चासी नंबर चासीवर कोरलेल्या नंबराशी अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे आणि कर्ज फिटले असल्यास बँकेचे एनओसी समोर हवे. याशिवाय मोठे टायर, लोखंडी बंपर असला साजशृंगार पाहून भाळू नये. निर्मात्याने ठरवलेल्या गाडीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केले आहे, आणि या गाडीला तर तसले टायर होतेच.

डिफरन्शियल आमच्यासमोर उघडून दाखवा आणि पाट्याचे पैसे किमतीतून कमी करा, असे आतेभावाने नम्रपणे सुचवले. मालकांनी नकार दिला. येत्या रविवारी देवासला मारुतीची एक जुनी जिप्सी पाहायला जायचे आहे. गोणपाट अजून डिकीतच आहे.