वैशाखात २० अंश

१५ मे, जळगाव

बाहेर पारा ४४, इन्क्युबेटरमध्ये २०. उन्हाळ्यात प्रयोगशाळेत सी. एलेगन्स हे सूत्रकृमी सांभाळायचे म्हणजे निम्मं काम हे अंतर राखण्याचं.

खान्देशात सूत्रकृमी म्हटलं की केळीच्या मुळांवरच्या गाठीच आठवतात. सी. एलेगन्स त्यातला नव्हे. सडक्या फळांवरच्या जिवाणूंवर जगणारा, १ मिलिमीटरचा, काचेसारखा पारदर्शक जीव. प्रौढ उभयलिंगी कृमीत कायिक पेशी (म्हणजे प्रजनन पेशी सोडून बाकीच्या) मोजून ९५९, त्यात चेतापेशी ३०२.

कृमी वाढवायच्या प्लेटांत ओतायच्या एक लिटर माध्यमाला मीठ ३ ग्रॅम, पेप्टोन (पचवलेली प्रथिनं) २.५ ग्रॅम, ते गोठवणारं अगर १७ ग्रॅम, पाणी ९७५ मिली. ऑटोक्लेव्हमधून (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून) काढल्यावर बाटली ५५ अंशांवर आणायची, आणि तेही वॉटर बाथमध्ये. हाताला सोसवते म्हणून ओतायला घेऊ नये. मग इथेनॉलमधलं कोलेस्टेरॉल (मिलीला ५ मिलिग्रॅम) १ मिली, कारण हा कृमी स्टेरॉल स्वतः बनवत नाही. १ मोलर कॅल्शियम क्लोराइड आणि मॅग्नेशियम सल्फेट १-१ मिली, पीएच ६ चं १ मोलर फॉस्फेट बफर २५ मिली. प्रत्येक वेळी बाटली फिरवून मगच पुढचं घालावं. कॅल्शियम आणि फॉस्फेट न ढवळता एकत्र आले की पांढरा साका बसतो.

कृमींचं खाद्य म्हणजे ओपी५० वाणाचे ई. कोलाय जिवाणू; त्यांचा थेंब प्लेटच्या मधोमध. काठाला लागला तर कृमी त्याच्या मागे भिंतीवर चढतात आणि तिथेच वाळून चिकटतात. इथल्या कोरड्या हवेत तर फारच लवकर.

२० अंशांना अंड्यापासून पुढच्या अंड्यापर्यंत साधारण साडेतीन दिवस. २५ ला वाढ झपाट्याने होते, पण त्यापुढे शुक्राणू बिघडतात, पिल्लं घटतात, २७ च्या आसपास जवळपास वांझपण. म्हणून लोडशेडिंगच्या दिवसांत थर्माकोलचा खोका, बर्फाच्या पिशव्या आणि आत थर्मामीटर तयार हवा. पिशव्या प्लेटांना टेकवू नयेत, मध्ये जाड कागद ठेवावा.

वीज गेलेली कळली नाही तरी प्लेट सांगते. एरवी हजारात एखाद-दुसरा नर. वाढत्या वयात उष्णतेचा झटका बसलेल्यांच्या पुढच्या पिढीत पंख्यासारख्या शेपटीचे नर जास्त दिसू लागतात. त्या प्लेटवरची मोजणी सरळ बाद करावी. नर मात्र प्लॅटिनमच्या तारेने उचलून वेगळे ठेवावेत, संकराला लागतातच.