सात ते साडेआठ

संध्याकाळी सातनंतर तुझा फोन बंद का असतो, हे नणंदेपासून ऑफिसातल्या मैत्रिणींपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. १५ ऑगस्ट २०२२पासून तिथे रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजायला लागला. भोंगा झाला की घराघरांतले टीव्ही-मोबाईल बंद, ते साडेआठच्या भोंग्यापर्यंत. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी हातात आलेला मोबाईल शाळा उघडल्यावरही मुलांकडून सुटेना, म्हणून गावाने हे ठरवलं. सुरुवातीला अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघरी सांगत फिरले. मला सगळ्यात पटलं ते हे, की भोंगा मोठ्यांनाही लागू होता. पोराचा मोबाईल बंद, तर आईची मालिकाही बंद.

आमच्याकडे तेव्हा रोजची भांडणं. मुलगा चौदा वर्षांचा, बीजीएमआय हा मोबाईलवरचा लढाईचा ऑनलाइन गेम खेळणारा. जेवायला हाक मारली की "आई, दोनच मिनिटं", आणि त्याचा अर्धा तास व्हायचा. एकदा मी फोन हिसकावून घेतला. तो रडवेला झाला. "अगं, मॅच पॉज होत नाही!"

दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी बसून मी एक अख्खी मॅच बघितली. शंभर जण विमानातून उड्या मारतात, यांची चौघांची टीम, आणि खेळायची जागा हळूहळू आवळत जाते. त्याचा वर्गमित्र गोळी लागून गुडघ्यांवर रांगत होता. हा भिंतीच्या आडोशाने त्याला उठवायला निघाला होता, कपाळावर घाम. रोज नेमकी अशा वेळी मी स्वयंपाकघरातून "पोळ्या गार होतायत" म्हणून ओरडत असणार. तो माझं ऐकत नव्हता असं नाही, मित्राला टाकून उठणं त्याला जमत नव्हतं.

म्हणून आम्ही वेळ आधीच ठरवून टाकली. घरात भोंगा नाही, पण सातला देवापाशी दिवा लागतो, तीच वेळ. साडेसहानंतर नवी मॅच लावायची नाही, हा नियम त्याचा त्यानेच केला. दिवा लागला की तिघांचेही फोन फडताळात, पिठाच्या डब्यामागे. पहिले आठ दिवस मला फार जड गेले. कुकरच्या शिट्ट्या मोजताना हात आपोआप ओट्यावर फोन चाचपायचा. आता त्या वेळात तो मटार सोलत शाळेतलं काहीबाही सांगतो. मी विचारलं तर सांगत नाही, शेंगा हातात असल्या की सांगतो.

साडेआठनंतर तो एक मॅच खेळतो, मी खेळू देते. मित्रांशी खेळण्यात मला वाईट काही दिसत नाही. पैसे लावून खेळायचे गेम वेगळे, त्यांच्यावर २०२५मध्ये कायद्याने बंदी आली ते फार बरं झालं.

तेव्हा सातनंतर अगदीच अडलं, तर शेजारच्या काकूंना फोन करा. त्या भिंतीवर दोन थापा मारतात, मी लगेच बाहेर येते.