कंपनीचा सायलेन्सर आणि कन्नडचा घाट

मागच्या दिवाळीत सेकंडहँड हॅचबॅक घेतली, 1200 सीसी पेट्रोल. आधीच्या मालकाने हौसेने मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवलेला, आणि खरं सांगतो, तो आवाज मला आवडला होता. चाळीसगावात सपाटीवर गाडी बरी वाटायची. पण बहिणीकडे संभाजीनगरला निघालो, चार माणसं, डिकीत सामान, एसी चालू, आणि कन्नडच्या घाटात तिसऱ्या गिअरला गाडी चढेचना, सेकंड टाकला तर नुसता आवाज वाढला, मागे झोपलेलं पोरगं दचकून उठलं आणि वेग तेवढाच. वरती पोहोचेपर्यंत डॅशवर इंजिनची लाईट पण लागली.

परत आल्यावर स्टेशनजवळच्या मिस्तरीकडे गेलो. त्याने काय केलं तर गाडी चालू ठेवली, ओलं फडकं टेलपाइपच्या तोंडावर दाबून धरलं आणि मला म्हणाला पुढे बोनेटजवळ कान लावा. इंजिनजवळून फुस्स फुस्स असा बारीक आवाज, आणि टॉर्च मारली तर मॅनिफोल्डच्या (इंजिनमधून धूर बाहेर काढणाऱ्या पाइपांच्या जुडग्याच्या) जोडावर बोटभर काजळीचा पट्टा. मग खाली घुसून बाहेर आला आणि म्हणाला, "भाऊ, हाऊ सायलेन्सर कंपनीना नही शे, अन् कॅट बी नही." म्हणजे सायलेन्सर कंपनीचा नाही, आणि धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे कॅट, तो पण नाही.

तेव्हापासून हा विषय डोक्यात बसलाय, जमेल तेवढं वाचलं, मिस्तरीकडे दोन-तीन रविवार घालवले.

आधी एक हिशोब बघा. 1200 सीसीचं इंजिन 2000 आरपीएमला फुल पेडलवर सेकंदाला साधारण 20 लिटर हवा ओढतं, म्हणजे आपल्याकडे घरोघरी येतो तो पाण्याचा जार सेकंदाला एक. आणि जळाल्यावर तीच हवा 800 डिग्रीच्या आसपास तापून बाहेर पडते तेव्हा तिचा पसारा तिपटीच्या वर जातो. हे सगळं बाहेर काढायचंय. मग वाटतं की पाइप जेवढा मोठा तेवढं चांगलं, इथेच गडबड होते.

कारण धूर सलग वाहत नाही, ठोक्यांनी निघतो. व्हॉल्व्ह उघडला की दाबाची एक लाट पाइपात पळते, जिथे पाइप एकमेकांना मिळतात तिथून ती ओढ बनून उलटी येते, आणि नेमकी हवा आत घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे असताना पोहोचली तर सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून घेते आणि नवीन हवा जास्त आत येते. किती लांबीवर पाइप जोडायचे, हे कंपनीने त्यासाठीच ठरवलेलं असतं. चार सिलिंडरचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे पेटायचा क्रम, बहुतेक 1-3-4-2 असतो, म्हणजे 1 चा धूर संपत येतो तेव्हा 3 चा जोरात सुटतो, हे दोघं आखूड पाइपांनी इंजिनजवळच जोडले तर 3 चा धक्का 1 मध्ये घुसतो. म्हणून 4-2-1 हेडरमध्ये, म्हणजे चार पाइपांचे आधी दोन आणि मग एक होणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये, 1 ला 4 सोबत आणि 2 ला 3 सोबत जोडतात. माझ्या गाडीत चारही पाइप आखूड करून एकत्र आणलेले आणि पुढे जाडजूड पाइप, त्यात खालच्या आरपीएमला धुराचा वेगच पडतो.

गॅरेजवर सगळे म्हणतात "बॅक प्रेशर पाहिजे, नाहीतर पिकअप जातो". पिकअप जातो हे बरोबर, कारण चूक. बॅक प्रेशरने कधीच फायदा होत नाही, हवा असतो तो धुराचा वेग आणि लाटेची वेळ.

पण कंपनीला पण मनासारखं करता येत नाही. कॅटला काम सुरू करायला 250-300 डिग्री लागतात, म्हणून तो इंजिनला चिकटून बसवतात, आणि लांब हेडर केला तर धूर वाटेतच थंड होतो. माझदाने स्कायअ‍ॅक्टिव्ह पेट्रोल इंजिनात लांब 4-2-1 हेडर दिला, तेव्हा थंड इंजिनात कॅट लवकर तापावा म्हणून इग्निशन टायमिंग मागे घ्यावं लागलं, म्हणजे ठिणगी उशिरा पाडावी लागली. अशी प्रत्येक गाडीत ओढाताण असते, आवाज, धूर, ताकद, जागा, किंमत, आणि 2020 पासून बीएस6 चे धुराचे नियम आल्यावर तर जास्तच.

आणि ती काजळीवाली गळती? दोन ठोक्यांच्या मध्ये तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, पुढच्या ऑक्सिजन सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, अजून पेट्रोल देतो. माझं अ‍ॅव्हरेज 13 वर आलं होतं ते बहुतेक याच्यामुळे.

टर्बोवाल्यांचं गणित वेगळं, टर्बोमधून धूर बाहेर पडल्यावर मोकळा पाइप खरंच फायदा देतो. साध्या गाडीत फक्त सायलेन्सरचा मागचा डबा बदलला तर फार काही बिघडत नाही, फार काही मिळत पण नाही. पण मॅनिफोल्ड आणि कॅटला हात लावू नका, कॅट काढला तर पोरांच्या नाकात जाणारा धूर आपणच वाढवतो.

कंपनीचा मॅनिफोल्ड, नवीन कॅट, गॅस्केट सगळं बसवलं. महाग पडलं. मागच्या शनिवारी परत घाट चढलो, तीच चार माणसं, तिसऱ्या गिअरमध्ये, वळणावर फक्त एकदा सेकंड. अ‍ॅव्हरेज 17. हीट शील्डचा एक बोल्ट अजून राहिलाय, तो या आठवड्यात लावून घेतो, उन्हाळ्यात शेतात कापसाच्या वाळलेल्या पराट्यांवर गाडी उभी राहते आणि खाली कॅट तापलेला असतो.