हातच्याची वजाबाकी

पाडव्याच्या आसपास साखर कारखान्यांचे पट्टे पडले, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला, की आमच्या बीडकडच्या शाळांत ऊसतोडीला गेलेली लेकरं परत येतात. दिवाळीआधी गेलेली. वर्ग वयानुसार पाचवीचा, गणित तिथंच थांबलेलं.

आज अशाच एका पोरीनं ४२ मधून १७ वजा करून ३५ लिहिले. सातातून दोन काढले, मोकळी! फळ्यावर पुन्हा सांगितलं, मान डोलावली अन् पुढच्या गणितात तेच केलं. मग काड्यांच्या दहा-दहाच्या मोळ्या बांधल्या. म्हटलं, "चार मोळ्या अन् दोन टिपरं हायेत. सतरा दे मला." तिनं दोन टिपरं पुढं केली, थांबली, म्हणाली, "सर, एक मोळी सोडावी लागंल की." सोडली. २५ उरले.

हंगामी वसतिगृहामुळं, म्हणजे गावातच जेवणाची सोय करणाऱ्या योजनेमुळं, काही लेकरं आजीजवळ राहतात, शाळा बुडत नाही. पण धाकटी भावंडं सांभाळायला थोरली पोरगी फडावर जातेच, त्याला योजना काय करणार?

बाकी दिवस नेहमीचा. खिचडी, माहितीचा तक्ता 'तात्काळ' पाठवा, रेंज नाही. तक्ता अजून तसाच पडलाय. उद्या तिला तीन अंकी देतो, शंभराचा भारा बांधून.