थांबलेल्या ट्रकचे पैसे कोण देतो?

अमेरिकेत स्वतःच्या मालकीचा एखादाच ट्रक चालवणाऱ्या काही मालक-चालकांचे हिशेब मी सांभाळतो. त्यांची बिले ब्रोकरकडे, म्हणजे माल पाठवणारा आणि ट्रकवाला यांच्यामधल्या दलालाकडे, पाठवणे, पैसे जमा झाले का ते पाहणे आणि झाले नसतील तर पाठपुरावा करणे हे माझे रोजचे काम आहे. ब्रोकरांचा विषय निघाला की चर्चा होते ती पैसे बुडवून गायब होणाऱ्यांची. तसे लोक आहेतच; परंतु इतकी बिले नजरेखालून गेल्यावर माझे मत असे झाले आहे की मालक-चालकाचे खरे नुकसान करतो तो ठरलेले भाडे वेळेवर देणारा, मात्र त्याखेरीजच्या प्रत्येक डॉलरसाठी टोलवाटोलवी करणारा ब्रोकर.

या टोलवाटोलवीचे मुख्य ठिकाण म्हणजे डिटेन्शन, अर्थात गोदामात ट्रक अडकून पडल्याची भरपाई. सलग दहा तास विश्रांती घेऊन ड्यूटी सुरू केली की चालकाला चौदा तासांची, ट्रक थांबला तरी चालूच राहणारी मुदत मिळते आणि त्या मुदतीत जास्तीत जास्त अकरा तास गाडी चालवता येते. स्लीपरमध्ये, म्हणजे ट्रकमधल्या झोपण्याच्या जागेत, विश्रांती विभागून घेण्याची सवलत आहे, पण ती प्रत्येक वेळी जुळवता येत नाही. त्यामुळे सकाळी आठला डॉकवर (गोदामाच्या माल उतरवण्याच्या धक्क्यावर) लागलेला ट्रक दुपारी दोनपर्यंत रिकामा झाला नाही, तर त्या सहा तासांचे भाडे तर बुडतेच, शिवाय संध्याकाळी उचलायचे ठरलेले पुढचे लोडही हातचे जाते.

ब्रोकरने पाठवलेल्या रेट कन्फर्मेशनमध्ये, म्हणजे भाडे ठरल्याच्या लेखी कागदात, भाड्याचा आकडा ठळक असतो आणि डिटेन्शनच्या अटी खाली बारीक अक्षरांत असतात. पहिले दोन तास बहुधा फुकट धरलेले असतात. त्यापुढचे पैसे मिळायचे तर ट्रक दिलेल्या वेळेवर पोहोचलेला हवा, दोन तास संपण्यापूर्वी ब्रोकरला ईमेल गेलेला हवा आणि बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे मालासोबतच्या पावतीवर, येण्याची व जाण्याची वेळ गोदामातल्या माणसाच्या सहीनिशी लिहिलेली हवी. एवढे सगळे जमले तरी शेवटची अट उरतेच: ब्रोकरच्या ग्राहकाने, म्हणजे माल पाठवणाऱ्या शिपरने, मंजुरी दिली तरच पैसे. प्रत्यक्षात फाटकावरचा सुरक्षारक्षक सही करायला तयार नसतो आणि माल उतरवून घेणारा फक्त तारीख टाकून कागद परत करतो. चालकाने फोन केला, तर पलीकडचा माणूस अगदी आपुलकीने ‘काळजी करू नका, तुमचे पैसे देऊ’ असे सांगतो. आणि बिल गेल्यावर त्याच कार्यालयातून उत्तर येते की वेळेत ईमेल न आल्यामुळे डिटेन्शन देय नाही. म्हणून फोनवर काहीही ठरले तरी फाटकावर पोहोचताच ईमेल करायचा, सही मिळाली नाही तर पोहोचल्याची वेळ दाखवणारा स्क्रीनशॉट त्यासोबत जोडायचा आणि दीड तास झाला की दुसरा ईमेल करायचा, हे मी माझ्या लोकांना सांगून ठेवले आहे. कटकट आहे खरी, पण वाद झाला की उपयोगी पडते ती हीच कटकट.

‘ग्राहकाने मंजूर केले नाही’ हे उत्तर खरे की खोटे, हे ट्रकवाल्याला कळायचे कसे? कायद्यात त्याची सोय आहे. प्रत्येक व्यवहाराची नोंद, स्वतःला मिळालेल्या मोबदल्यासह, तीन वर्षे जपून ठेवणे ब्रोकरवर बंधनकारक आहे आणि व्यवहारातल्या कोणत्याही पक्षाला ती पाहण्याचा हक्क आहे. मात्र बहुतेक ब्रोकर आपल्या करारातच हा हक्क सोडल्याचे कलम घालतात आणि लोड हवे असलेला माणूस त्यावर सही करतो. मे २०२० मध्ये भाडी कोसळली तेव्हा ट्रकचालकांनी वॉशिंग्टनमध्ये रस्त्याकडेला ट्रक उभे करून जे आंदोलन केले, त्यातली एक मागणी ही नोंद पाहायला मिळावी हीच होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये फेडरल मोटर कॅरियर सेफ्टी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन या ट्रकवाहतुकीच्या सरकारी नियामक संस्थेने असा प्रस्ताव मांडला की मागणी आल्यावर ४८ तासांत ब्रोकरने ही नोंद द्यावी. पारदर्शकतेमुळे भाडी वाढतील, या अनेकांच्या अपेक्षेशी मी सहमत नाही, कारण भाडे ठरते ते ट्रक किती आणि माल किती यावर. परंतु शिपरकडून डिटेन्शन वसूल करून ते स्वतःकडे ठेवणारा ब्रोकर त्या नोंदीत सापडू शकतो, आणि माझ्या दृष्टीने तेवढे कारण पुरेसे आहे.

आता पैसे बुडवणाऱ्यांविषयी. प्रत्येक ब्रोकरला जामीनरक्कम ठेवावी लागते. ऑक्टोबर २०१३ पासून ती १०,००० डॉलरवरून ७५,००० डॉलर झाली. हा आकडा ऐकून अनेकांना हायसे वाटते, पण ब्रोकर छोटा असो की मोठा, रक्कम तेवढीच असते. ब्रोकर बुडाला आणि सर्व दाव्यांची बेरीज त्याहून जास्त झाली, तर प्रत्येकाच्या वाट्याला प्रमाणात तुकडा येतो, शिवाय दावा मुदतीत दाखल केलेला असावा लागतो. त्यामुळे बिलाची तारीख उलटली की मी ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ या आश्वासनांवर फार दिवस काढत नाही. जामीनदार कंपनीचे नाव सरकारी संकेतस्थळावर मिळते, तिथे सरळ दावा टाकतो. कित्येकदा त्या नोटिशीनेच पैसे सुटतात.

डबल ब्रोकिंगची गोष्ट वेगळी. तिथे एखादा भामटा ट्रककंपनी असल्याचे भासवून खऱ्या ब्रोकरकडून लोड घेतो, स्वतः ब्रोकर बनून ते तुम्हाला देतो आणि भाडे घेऊन पसार होतो. माल उचलताना बिल ऑफ लेडिंगवर वाहतूकदार म्हणून भलत्याच कंपनीचे नाव दिसले, किंवा ईमेलच्या पत्त्यात एखादे अक्षर इकडेतिकडे असले, तर ट्रक हलवण्याआधी सरकारी नोंदीतल्या क्रमांकावर स्वतः फोन करून खात्री करून घ्यावी. आलेल्या ईमेलमधल्या क्रमांकावर करू नये, कारण तो फोन तोच भामटा उचलतो.

ब्रोकर कसा आहे हे आधी जाणून घ्यायचे, तर मी पुनरावलोकनांपेक्षा फॅक्टरिंग कंपनीकडे विचारणा करतो. बिलाच्या बदल्यात ती काही टक्के कापून लगेच पैसे देते, त्यामुळे कोणता ब्रोकर किती दिवसांनी पैसे देतो हे तिला पक्के माहीत असते. एखाद्याचे बिल घ्यायला ती नकार देत असेल, तर ते लोड मी घेऊ देत नाही. अर्थात डिटेन्शनचा अनुभव तिच्या नोंदीत नसतो, तो आपला आपणच लिहून ठेवावा लागतो. माझ्याकडच्या एका चालकाने तर सध्या एकाच ब्रोकरला धरून ठेवले आहे. त्याचे भाडे बाजारापेक्षा थोडे कमी असते, पण दोन तास उलटले की डिटेन्शनची सुधारित रेट कन्फर्मेशन तो न मागता पाठवतो.